मागच्या दाराचे पेशंट

आमच्या कासारवाडीच्या घराला दोन दारं होती. पुढचं मुंबई-पुणे रस्त्याकडे उघडायचं आणि मागचं रेल्वेलाईनच्या बाजूच्या बोळात. पुढच्या दारावर आईच्या दवाखान्याचा बोर्ड होता, आत बसायला बाकडी होती, पाण्याचा माठ होता, डोक्यावर पंखासुद्धा होता. मागचं दार थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचं. आता दवाखान्यात येणाऱ्या माणसाने कोणत्या दाराने यावं, हे काय सांगायची गोष्ट आहे? पण माझी शाळा संपून कॉलेज सुरू झालं तरी मी रोज पाहत आले ते असं, की पुढची बाकडी मोकळी, पंखा रिकाम्या खोलीला वारा घालतोय आणि आमच्या स्टोव्हपाशी तीन-चार माणसं पाटावर बसून अंग खाजवतायत.

याचं सगळं मूळ त्या बोर्डात होतं. त्या काळी कातडीच्या आजारांबरोबर गुप्तरोगांचाही अभ्यास एकत्रच करावा लागे आणि पदवीही दोन्हींची मिळून एकच असे. म्हणून आईच्या नावाखाली ‘त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं. त्यातला दुसरा रोग रंगाऱ्याने, काय मनात आलं कोण जाणे, लाल रंगात काढला होता. समोरून कंपन्यांच्या बसेस जायच्या, पाळी सुटली की सायकलींची रांग लागायची, दापोडीपासून चिंचवडपर्यंतचं ओळखीचं जग त्या रस्त्यावरून जायचं. एवढ्या लोकांदेखत त्या लाल अक्षरांखालून आत शिरायची कुणाची छाती होणार? पायाला साधी चिखली झालेला माणूसही आधी इकडेतिकडे बघायचा, सरळ पुढे निघून जायचा आणि बोळाला वळसा घालून आमच्या मोरीपाशी उगवायचा. बाबा एका कंपनीत टूलरूममध्ये होते, स्वभावाने गरीब. ते अधूनमधून म्हणायचे, “अगं, तेवढा एक शब्द पुसून टाकू. मी स्वतः ब्रश मारतो.” आईचं उत्तर ठरलेलं होतं. “पदवीत आहे ते बोर्डावर राहील. लाज वाटावी असं मी काही शिकलेली नाही.” हे ती कढईतलं पिठलं घोटता घोटता म्हणायची, आणि तेवढ्यात मागची कडी वाजायची. “जय भीम, डॉक्टरीणबाई. जरा खाजंचं दाखवायचं होतं.”

आमच्या घराला कसला वास यायचा हे मला अजून नीट सांगता येत नाही. गंधकाचं मलम, भाजलेले बोंबील, डेटॉल आणि भाकरी यांचा मिळून जो होईल तो. मी पोहे खायला बसले की कुणीतरी शेजारी पँट वर करून पोटरीवरचा गजकर्ण दाखवत असायचं. मॅट्रिकच्या अभ्यासाला मी माळ्यावर पळाले तर खालून आईचा आवाज यायचाच, कारण ती पेशंटशी बोलायची नाही, त्याला झापायची. लोक करायचेच तसं. मशीनवर काम करणारे हात तेलाने काळे होतात म्हणून रॉकेलने धुवायचे, वर कपड्यांचा साबण आणि भुसा घासायचा, आणि मग बोटांना भेगा पडल्या की तिच्यापुढे हात धरायचे. “हे हात आहेत का सायकलची चेन?” ती ओरडायची. “आधी खोबरेल चोळ, फडक्याने पूस, मग अंगाच्या साबणाने धू. आणि हात ओले आहेत तोवर पुन्हा तेल लाव.” नायट्याला स्टँडवर मिळणारं काळं मलम लावून कातडी भाजून घेतलेले यायचे. चेहऱ्यावर लिंबू चोळून लाल झालेल्या मुली यायच्या. आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न तोच, “पथ्य काय, बाई?” आई म्हणायची, काही नाही, सगळं खा. की त्यांचा चेहरा पडलाच. वांगं बंद न करणाऱ्या डॉक्टरवर लोकांचा विश्वास बसत नसे.

खरजेने तर तिचा जीव नकोसा केला होता. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, कपडे-अंथरुणं एकाच दिवशी उकळायची, एवढंच तिचं सांगणं. पण आमच्या भागात गावाकडून आलेली पोरं एका खोलीत डझनभर राहायची आणि अंथरुणं त्याच्या निम्मीही नसायची. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गोधडीत शिरायचा. ती गोधडी कधी गार व्हायची नाही, तर धुणार कधी? एक बरा झाला की दुसऱ्याची घेऊन परत यायचा. शेवटी आई एका रविवारी स्वतः त्या खोलीवर गेली, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि औषध लावायला लावलं. ते बिचारे पुढे बरीच वर्षं तिला रस्त्यात पाहिलं की सायकलवरून उतरून उभे राहायचे, आणि ती त्यांना विचारायची, “गोधड्या उन्हात घालता ना?” दुसरं काही नाही.

या सगळ्यात कातडीच्या डॉक्टरची मुलगी म्हणून माझं काय झालं ते वेगळंच. माझ्या तोंडावर ऐन वयात पुटकुळ्यांची रास उठली. “अगं बाई, घरात डॉक्टर आणि तोंड असं?” हे मी पाण्याच्या नळापासून विहारापर्यंत सगळीकडे ऐकलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “दोनदा तोंड धू, फोडू नकोस, वय गेलं की जातील.” दुसऱ्यांच्या पोरींना ती निदान मलम तरी द्यायची. लग्नाकार्यात आम्ही पंगतीला बसलो की वाढणारी बाई वाढता वाढता पदर सरकवून मानेवरचं काहीतरी आईला दाखवायची. म्हणून आईने लग्नांना जाणंच सोडलं. आता मी सत्तरीला आले, आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी सोसायटीतल्या मुली मोबाईलवर पुरळाचे फोटो पाठवतात. “काकू, तुमच्या आई स्किनच्या होत्या ना?” मी इतिहास शिकवला आयुष्यभर, पण ते कोण ऐकतो.

पण माझं डोकं सर्वांत जास्त उठायचं ते आईच्या एका नियमावरून. मागच्या दाराने कोण आलं, काय दाखवलं, हे घराबाहेर जायचं नाही. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. आमच्याकडे सोयरीक ठरवण्याआधी मुलीची, मुलाची चौकशी करायला लोक डॉक्टरकडे यायचे. गुळाचा खडा घेऊन बसायचे आणि हळूच विचारायचे, अमक्याच्या पोरीच्या अंगावर काही डाग वगैरे? ज्यांना कधी साधं घामोळंही आलं नव्हतं त्यांच्याबद्दलही आई एकच वाक्य बोलायची, “मी कुणाबद्दलच काही सांगत नाही.” मी म्हणायची, अगं, जिला काही नाही तिच्याबद्दल ‘काही नाही’ म्हणायला काय जातं? त्यावर ती म्हणायची, “मग जिच्याबद्दल मी गप्प बसेन, तिचं काय?” हे बरोबर होतं. म्हणून तर जास्त चीड यायची.

सुमनताई दापोडीला खोल्यांच्या लाईनीत राहायची. मला सायकल शिकवली तिनेच, आणि माझ्या पुटकुळ्यांबद्दल आजवर अवाक्षर न काढलेली ती एकटीच. गोळ्या-औषधांच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती, सगळी पाळी उभ्याने. तिचं लग्न चऱ्होलीच्या मधुकरशी ठरत आलं होतं. मधुकर फिटर होता, बसच्या थांब्यावर दोघांची ओळख झाली होती, मग घरच्यांनी बघण्याचा कार्यक्रम केला. तिला तो मनापासून आवडला होता आणि ती ते लपवतही नव्हती. एका दुपारी ती आणि तिची आई शेवंताबाई मागच्या दाराने आल्या. सुमनताईने पाटावर बसून साडी घोट्यापर्यंत वर घेतली. दोन्ही पावलांवर पांढरे पट्टे उठले होते. शेवंताबाई रडायलाच लागल्या. “माझंच चुकलं, डॉक्टरीणबाई. रात्री बोंबील खाल्ल्यावर हिनं दूध प्यायलं, मी बघत बसले. कोड आलं माझ्या पोरीला.”

आईने खाली वाकून पावलं बराच वेळ पाहिली, मग दारात काढलेल्या चपला मागवल्या. निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला होत्या, त्या उन्हाळ्यात पिंपरीच्या बाजारात ढिगाने आलेल्या, अर्ध्या वस्तीच्या पायात त्याच. तिने चप्पल सुमनताईच्या पायात घातली. सगळा पांढरा डाग पट्ट्याखाली गेला, एक रेघही बाहेर राहिली नाही. “दूध आणि बोंबलाला एवढी आखीव रेघ मारता येते का?” आईने विचारलं. “रबरात काहीतरी मिसळलंय, ते हिच्या कातडीला सोसत नाही, रंग मारून टाकतंय. त्यात दिवसभर उभं राहायचं, घाम यायचा. हे कोड नाही. चपला आजच टाक. चामड्याच्या नाहीतर कापडी वापर, पाय कोरडे ठेव, मी देते ते मलम लाव आणि सकाळचं कोवळं ऊन घे. रंग भरेल, पण वेळ लागेल. घाई करून काही लावत बसू नकोस.” सुमनताईने मोठा श्वास सोडला. शेवंताबाईंनी मात्र आईचा हात धरला. “पन हे कुनाला कळता कामा नये. तुम्हाला शपथ हाय.” आई म्हणाली, “मी कुणालाच काही सांगत नाही.”

पुढच्या आठवड्यात मधुकरची आई भागाबाई आली. तीही मागच्या दाराने. टाचांच्या भेगा दाखवायला म्हणून आली होती, पण भेगांवरून गाडी लगेच पुढे सरकली. “आमच्या गाववाल्यानं शेवंताच्या पोरीला तुमच्या बोळात वळताना बघितलं म्हनं. काय हाय तिला?”

“मी कुणाबद्दलच काही सांगत नाही,” आई म्हणाली. “टाचा रात्री कोमट पाण्यात ठेवा, पुसा आणि तेल लावा.”

“न्हाई, पन व्हय का न्हाई येवढं तरी सांगा.”

“टाचांबद्दल सांगितलं ना.”

भागाबाई आमच्या स्टोव्हकडे, माझ्याकडे, बरण्यांकडे बघत राहिली. मग उठताना म्हणाली, “काय नसतं तर न्हाई म्हनला असता तुमी.” मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात घेऊन मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा असा होता की जणू कुणी विचारलंय, पाऊस पडेल का.

चऱ्होलीहून निरोप आला, जरा थांबू या. नुसता निरोप असता तर निभावलं असतं. पण बोर्डावर काय लिहिलंय ते सगळ्यांना पाठ होतं आणि दोन रोगांपैकी लोकांना लाल अक्षरातलाच दिसला. नळावर बायका कुजबुजू लागल्या, पॅकिंगच्या पोरी सुमनताईशेजारी डबा खायच्या बंद झाल्या. घरचे पायावरच्या डागाची गोष्ट लपवायला गेले आणि पोरीच्या अब्रूवर येऊन ठेपलं. शेवंताबाई आमच्याकडे आल्या त्या आरडाओरडा करतच. “एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती?” आई म्हणाली, “तुम्हीच शपथ घातलीत.” “अवं, पन आता तरी सांगा!” “सुमनने सांगितलं तर मी चौकात उभी राहून सांगीन. पाय तिचे आहेत.” शेवंताबाई त्यालाही तयार नव्हत्या. कोड नाही, हे पटवायचं म्हणजे आधी डाग आहे हे कबूल करावं लागणार, आणि डाग म्हटलं की पुढचं कोण ऐकणार? त्या जशा आल्या तशा गेल्या.

त्या रात्री जेवताना मी आईशी भांडले. वांग्याचं भरीत होतं, मला ते फार आवडायचं, पण मी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, तुझा नियम मोठा की सुमनताई? ती म्हणाली, “माझ्याकडे लोक कपडे काढून बसतात, ते कशाच्या भरवशावर?” मी म्हटलं, लोकांना तुझं गप्प बसणं ऐकू येतं, आणि त्यातून ते वाटेल ते ऐकतात. बाबा मध्ये पडले, “अगं, निदान बोर्ड तरी...” आणि आम्ही दोघी एकदम त्यांच्यावर ओरडलो. आईने पुढे काही खाल्लं नाही. ताटात भाकरी तशीच राहिली, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिलाही ते लागलंय. तरी तिचा तो हट्ट मला पटला नाही. खरं सांगायचं तर आजही अर्धाच पटतो.

दुसऱ्या दिवशी मी दापोडीला गेले आणि आईचं चौकातलं वाक्य जसंच्या तसं सुमनताईला सांगितलं. शेवंताबाईंनी ते तिच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं. ती म्हणाली, “पाय माझेच आहेत म्हणाली ना?” तिने मधुकरला बसथांब्यावर गाठलं आणि त्याच्या आईला घेऊन दवाखान्यात यायला सांगितलं. तो आला हे त्याचं मी मानते.

पहिली पाळी सुटायची वेळ होती. रस्त्यावर सायकलींचा पूर, बसेस खचाखच. मी दवाखान्यात माठ भरत होते, तर समोरून तिघं येताना दिसली. पुढे सुमनताई, मागे खाली मान घातलेला मधुकर, आणि त्याच्यामागे तोंडावर पदर ओढलेली भागाबाई. ती दोघं सवयीने बोळाकडे वळायला लागली. “इकडून,” सुमनताई म्हणाली आणि बोर्डाखाली थांबली. नुसती आत शिरली नाही, चांगली थांबली. सायकलीवरून जाणाऱ्यांनी माना वळवल्या, कुणीतरी शिट्टी मारली. तिने ती दोघं येईपर्यंत वाट पाहिली, मग पायरी चढली, बाकड्यावर बसली आणि पाय पुढे केले. “डॉक्टरीणबाई, माझं जे काय आहे ते ह्यांच्यासमोर सांगा. मी सांगतेय, सांगा.” तिचा आवाज चिरका झाला होता.

आणि मग आमची आई, जिच्या तोंडातून आठवडाभर एक शब्द काढता आला नव्हता, ती जी सुटली ती थांबेना. सुमनताईने त्या जुन्या चपला पिशवीतून आणल्याच होत्या. आईने त्या पायात घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, मधुकरला खाली वाकून बघायला लावलं, भागाबाईला बोटाने रेघ चाचपायला लावली. दारात गर्दी जमली, तर तिला म्हणाली, “या, तुम्हीही बघा. ज्यांच्या ज्यांच्या पायात ह्या चपला आहेत त्यांनी काढून पाय बघा.” त्यात तिची नजर मधुकरच्या हातांवर गेली. “आणि हे काय? रॉकेलने धुतोस?” तो बिचारा हात पाठीमागे न्यायला लागला.

भागाबाई शेवटी म्हणाली, “सगळं खरं, बाई. पन उद्या हिच्या ल्हान पोरास्नी व्हनार न्हाई ना?”

“चप्पल कुणाच्या पोटातून जन्माला येते का?” आई म्हणाली. दारातले लोक हसले. भागाबाईला हसू आलं नाही. तिने ती रेघ पुन्हा एकदा बोटाने चाचपली. मग म्हणाली, “बरं. लगीन करू. पन मांडवात पोरीनं पायमोजं घालावं. पावन्यांची तोंडं कोन धरनार?”

मी कपाळावर हात मारला. एवढं सगळं होऊन पायमोजे! सुमनताईने चपला पिशवीत टाकल्या. “मोजे नाही घालणार, आत्या,” ती म्हणाली. “बघणाऱ्यांनी बघावं.” कुणी काही बोलायच्या आत मधुकर, जो आल्यापासून एक शब्दही बोलला नव्हता, म्हणाला, “आई, उगं राहा जरा.” आणि ती तिघं आली तशी पुढच्या दारानेच गेली.

लोक सुधारले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. दुसऱ्याच सकाळी मागची कडी वाजली. दारात जमलेल्यांपैकीच एकजण होता, पायाला चिखली होती. भागाबाईसुद्धा टाचा दाखवायला शेवटपर्यंत मागूनच यायची. “बोर्ड लई मोठा हाय तुमचा,” म्हणायची.

लग्न दापोडीच्या विहारासमोर मांडव घालून झालं. आई लग्नांना जात नसे, पण या लग्नाला ती स्वतःहून तयार होऊन बसली आणि पुढच्या रांगेत जागा धरली. सुमनताई पांढऱ्या साडीत आली, अनवाणी. सगळ्या मांडवाचे डोळे तिच्या पावलांवर गेले. मला इतका संताप आला त्या पाहुण्यांचा, की एकेकाची हनुवटी धरून वर करावीशी वाटली. तिने मान खाली घातली नाही, हळूहळू चालत मधुकरशेजारी जाऊन उभी राहिली आणि वंदना सुरू झाली. माझे डोळे भरून आले. मी आईकडे वळले, तर आमच्या मातोश्रीही नवरीच्या पायांकडेच बघत होत्या, चष्मा नाकावर सरकवून, मान पुढे काढून.

“आई, निदान आज तरी तिच्या तोंडाकडे बघ,” मी दात-ओठ खात कुजबुजले.

“तोंडाला काय झालंय? तोंड चांगलंच आहे,” ती म्हणाली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, डोळेही पुसले आणि चष्मा पुन्हा घातला. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, “शालू, ते बघ, डाव्या पायावर, कडेने. तपकिरी ठिपके आलेत. रंग भरायला लागलाय.”